‘उडवून परत टाका’ असं कुणी सांगितलं तर

ब्राउझरबद्दलची, म्हणजे क्रोम, फायरफॉक्ससारख्या साइट उघडणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलची पत्रं या वेळी पुष्कळ आली. बहुतेक पत्रांत एक वाक्य आहेच: ओळखीच्या कुणीतरी सांगितलं, ‘उडवा आणि परत टाका.’ कराडला माझ्या दुकानात येणारी माणसंही हेच सांगत येतात, आणि त्यातली काही सगळे पासवर्ड गमावून आलेली असतात. त्यामुळे हा विषय मला फार जवळचा वाटतो. ब्राउझर काढून पुन्हा बसवणं हा शेवटचा उपाय आहे, आणि तोही पासवर्ड नि बुकमार्क सुरक्षित केल्यानंतरचा. आधी बिघाड कुठे आहे ते बघायचं: ब्राउझरमध्ये, त्याच्या खालच्या विंडोजमध्ये, की फक्त त्या एका साइटमध्ये.

प्रश्न : माझा संगणक २०१३ सालचा, विंडोज ७चा आहे. क्रोम उघडलं की वर पट्टी येते, या संगणकाला यापुढे अपडेट मिळणार नाहीत. बँकेची साइट अर्धवट उघडते, पेन्शन जमा झाली का तेही पाहता येत नाही. एक जण म्हणतो क्रोम काढून नवं टाका, दुसरा म्हणतो संगणकच बदला. एरवी संगणक उत्तम चालतो.
– निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : सर, दोन्ही गोष्टी लगेच करू नका. क्रोम तर मुळीच काढू नका. विंडोज ७वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९वी, जानेवारी २०२३मधली. फेब्रुवारीत ११०वी आली, तिला किमान विंडोज १० लागतं. तुम्ही आहे ते क्रोम काढलंत आणि गूगलच्या साइटवरून नवं उतरवलंत, तर ते तुमच्या संगणकावर बसणारच नाही. म्हणजे आहे तेही हातचं जाईल. मग लोक कुठल्यातरी अनोळखी साइटवरून ‘क्रोम जुनी आवृत्ती’ शोधून उतरवतात आणि त्या फाइलबरोबर काय काय घरात येतं याचा पत्ताही लागत नाही.

ती पट्टी खरी आहे, पण आधी थांबलं ते क्रोम नव्हे, विंडोज. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७साठी सर्वसामान्यांना मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी बंद केल्या. पैसे भरणाऱ्या कंपन्यांना त्या आणखी तीन वर्षं, जानेवारी २०२३पर्यंत मिळाल्या. ती मुदत संपली आणि पाठोपाठ क्रोमनेही हात आखडता घेतला. बँकेची साइट अर्धवट दिसते त्याचंही कारण यातच आहे. साइट बनवणारे आजच्या ब्राउझरला समजेल अशा भाषेत पानं लिहितात. २०२३च्या ब्राउझरला त्यातले नवे शब्द कळत नाहीत, म्हणून बटण दाबलं जात नाही किंवा पान कोरंच राहतं. काही बँका तर आवृत्ती पाहून दारातच थांबवतात, आणि मला ते योग्य वाटतं.

आज लगेच काय करता येईल? फायरफॉक्सची ११५वी ‘ईएसआर’ म्हणजे दीर्घ मुदतीची आवृत्ती विंडोज ७वर चालते. ती जुलै २०२३ची आहे, पण जुन्या विंडोजवाल्यांसाठी मोझिलाने, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेने, तिच्या सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. मोझिलाच्याच साइटवरून घ्या. वर्तमानपत्र वाचायला, सातबारा पाहायला ती पुरेल. बँकेसाठी मात्र नको. ब्राउझर कितीही ताजा असला तरी खालचं विंडोज भोकं पडलेलंच आहे. तोवर पेन्शनचं काम मोबाइलवर बँकेच्या अधिकृत अॅपमधून करा.

आता कायमचा उपाय. २०१३च्या संगणकात बहुधा ६४-बिट प्रोसेसर आणि चार जीबी रॅम असेल. ‘कॉम्प्युटर’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ पाहा, दोन्ही तिथे लिहिलेलं असतं. एवढं असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क बसवा आणि त्यावर विंडोजच्या जागी चालणारं, फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाका. त्याची ‘एक्सएफसीई’ नावाची हलकी आवृत्ती घ्या. फायरफॉक्स त्यात आयताच येतो आणि ताजा राहतो. क्रोमही बसतं. देवनागरी टायपिंग इनस्क्रिप्ट कीबोर्डने होतं आणि लिबर ऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तुमची वर्डची कागदपत्रं उघडतात. सगळ्यात चांगली गोष्ट ही, की पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, डिस्कवरचं काहीही पुसलं न जाता. प्रिंटर चालतो का, वायफाय लागतं का, मराठी नीट दिसतं का, हे सगळं तिथेच तपासा आणि पटलं तरच बसवा. जुन्या डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेर काढून ठेवा.

विंडोज १० टाकून देतो असं कुणी म्हणालं तर एवढं लक्षात ठेवा, की त्याचाही नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यासाठी आता पैसे घालवू नका.

प्रश्न : कुठलीही साइट उघडली तरी ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ असं लाल चिन्ह येतं. क्रोम दोनदा काढून टाकलं, उपयोग नाही.
– दुकानदार, कणकवली

उत्तर : उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ पाहा. तारीख कित्येक वर्षं मागची असणार. साइट खरी असल्याची ग्वाही देणारं एक प्रमाणपत्र प्रत्येक साइटकडे असतं, आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं असतं. संगणक स्वतःला मागच्या काळात समजत असेल तर त्याच्या लेखी आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. तारीख, वेळ आणि भारताचा टाइम झोन दुरुस्त करा, ब्राउझर बंद करून उघडा. दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा मागे गेली तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा तो सीआर२०३२ असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

तारीख बरोबर असूनही सगळीकडे तेच येत असेल तर एकदा फायरफॉक्समध्ये तीच साइट उघडून पाहा. फायरफॉक्स विश्वासू प्रमाणपत्रांची यादी स्वतःजवळ बाळगतो. तिथे उघडली आणि तुमचं क्रोम फार जुनं असेल, तर त्याच्याकडची यादी जुनी झाली असण्याची शक्यता आहे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचा आधार असलेलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं, तेव्हा कितीतरी जुने संगणक आणि फोन एका रात्रीत असेच अडले होते. आणि फक्त एकाच साइटला लाल येत असेल तर चूक त्यांच्याकडे आहे. तिथे ‘तरीही पुढे जा’ दाबून पासवर्ड देऊ नका.

प्रश्न : फायरफॉक्स सारखा अडकायचा म्हणून भाच्याने काढून पुन्हा टाकला. आता माझे सगळे बुकमार्क आणि पासवर्ड गेले. मुलीच्या शाळेचं, गॅसचं, विजेच्या बिलाचं, सगळं त्यातच होतं. फार घाबरले आहे.
– गृहिणी, नागपूर

उत्तर : ताई, आधी धीर धरा. बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं, बाजूला पडलेलं असतं. फायरफॉक्स तुमची माहिती प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवतच नाही. ती ‘प्रोफाइल’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असते आणि फायरफॉक्स काढला तरी ते फोल्डर सहसा तसंच राहतं. ६७व्या आवृत्तीपासून प्रत्येक नव्या इन्स्टॉलेशनला वेगळं प्रोफाइल मिळतं. पुन्हा टाकताना फोल्डरची जागा बदलली, किंवा ३२-बिटच्या ऐवजी ६४-बिट आवृत्ती घेतली, की नवं कोरं प्रोफाइल उघडतं आणि माणसाला वाटतं सगळं पुसलं गेलं.

पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत ‘अबाउट’, मग कोलन, मग ‘प्रोफाइल्स’ असं मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि एंटर दाबा. जी यादी येईल तीत एकाहून अधिक प्रोफाइल दिसतील. सध्याचं कोणतं ते तिथेच लिहिलेलं असतं. दुसऱ्यासमोरचं ‘नव्या ब्राउझरमध्ये उघडा’ या अर्थाचं बटण दाबा. त्या खिडकीत तुमचे बुकमार्क दिसले की तेच प्रोफाइल कायमचं म्हणून निवडा. कुठलंही प्रोफाइल डिलीट करू नका, तिथे ते बटणही शेजारीच असतं. भाच्याने ‘रिफ्रेश’ केलं असेल तर डेस्कटॉपवर ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ नावाचं फोल्डर आहे का पाहा. त्यातही जुनी माहिती असते. फाइल हाताने उचलायची वेळ आली तर पासवर्डच्या दोन फाइल, ‘लॉगिन्स’ आणि ‘की-फोर’, नेहमी जोडीनेच न्यायच्या. एकीत कुलूपबंद पासवर्ड, दुसरीत त्याची किल्ली.

एक पथ्य मात्र पाळा. जुनी आवृत्ती टाकली की जुनं परत येईल असं समजून मागची आवृत्ती बसवू नका. नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडत नाही, आणखी एक कोरं प्रोफाइल तयार करायला सांगते. गुंता वाढतो.

सगळं सापडलं की त्याच दिवशी बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा. पासवर्डही एक्स्पोर्ट होतात, पण ती फाइल उघडी असते, कुणीही वाचू शकतं. ती संगणकावर पडू देऊ नका. माझ्या ओळखीच्या काही आज्या पासवर्ड वहीत लिहून कपाटात कुलपात ठेवतात. लोक त्यांना नावं ठेवतात, पण मला ती सवय आवडते. घरात शिरून कपाट फोडणारा चोर आणि हजार कोसांवरून पासवर्ड चोरणारा चोर हे वेगळे असतात. त्यातल्या दुसऱ्यापासून ती वही पूर्ण सुरक्षित आहे. बँकेचा पासवर्ड तेवढा लिहू नका.

क्रोम वापरणाऱ्यांनीही वाचावं: क्रोम काढताना ‘ब्राउझिंग डेटाही डिलीट करा’ असा चौकोन येतो. त्यावर खूण केलीत तर मात्र संगणकावरचं खरोखरच जातं.

आणि ब्राउझर अडकतो म्हणून पत्र लिहिणाऱ्या सगळ्यांना: आधी इन्कॉग्निटो किंवा प्रायव्हेट खिडकीत तीच साइट उघडून बघा. तिथे नीट चालली तर ब्राउझर शाबूत आहे, दोष साठलेल्या कॅशेचा किंवा कुकीचा (साइटने संगणकावर ठेवलेल्या माहितीचा), नाहीतर एखाद्या एक्स्टेन्शनचा (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरचा) आहे. फायरफॉक्स सुरू करताना शिफ्ट दाबून धरलं तर तो एक्स्टेन्शन बंद ठेवून उघडतो. एवढ्याने दोषी सापडतो, आणि काहीही काढावं लागत नाही.

प्रश्न : पाककृतीची साइट बघत असताना पूर्ण पडदाभर पान आलं, ‘तुमचं क्रोम जुनं झालं आहे, त्वरित अपडेट करा’. बटण दाबलं, एक फाइल उतरली. क्रोमचंच चिन्ह होतं. फाइल उघडलेली नाही. उघडू का?
– सोसायटीच्या सचिव, डोंबिवली

उत्तर : उघडू नका! थांबून विचारलंत हे फार चांगलं केलंत. ती फाइल डिलीट करा, रिसायकल बिन रिकामा करा आणि विंडोज सिक्युरिटीतून पूर्ण स्कॅन लावा.

कोणताही ब्राउझर वेब पानाच्या आतून अपडेट मागत नाही. क्रोम, एज, फायरफॉक्स हे तिघंही अपडेट मागच्या मागे स्वतः उतरवतात आणि वर कोपऱ्यात फक्त ‘बंद करून पुन्हा सुरू करा’ एवढंच सांगतात. खात्री करायची तर क्रोमच्या तीन ठिपक्यांत ‘हेल्प’, त्यात ‘अबाउट गूगल क्रोम’. ते पान उघडताच तपासणी आपोआप होते. दुसरी कुठलीही वाट खरी नाही.

खोट्या अपडेटचा हा धंदा अनेक वर्षं चालू आहे. सुरक्षा क्षेत्रातले लोक त्यातल्या एका मोठ्या टोळक्याच्या साधनाला ‘सॉकगोलिश’ म्हणतात. चोर स्वतःची साइट बनवत नाहीत. चांगल्या, साध्या, पण नीट न सांभाळलेल्या साइटमध्ये शिरून तिथे हे पान घुसवतात, म्हणून पाककृतीच्या साइटवर ते दिसलं. हल्ली याचा आणखी वाईट प्रकार आलाय. पान सांगतं, ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर.’ म्हणजे चोराने लिहिलेला हुकूम तुम्ही स्वतःच्या हाताने चालवायचा. जगातली कुठलीही प्रामाणिक साइट असं करायला लावत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॅप गटावर कृपया एवढं वाक्य टाका, विशेषतः ज्येष्ठांसाठी.

कुणी अशी फाइल उघडलीच असेल तर नेट तोडा, दुसऱ्या उपकरणावरून ईमेल आणि बँकेचा पासवर्ड बदला, सगळीकडून लॉग आउट करा. पैसे गेले असतील तर एक मिनिट न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. तिथे वेळेला किंमत आहे. लाज वाटून दोन दिवस गप्प बसणारी माणसं पाहिली की जीव तुटतो.

प्रश्न : प्रत्येक अपडेटनंतर रूप बदलतं, बटणं हलतात. अपडेट कायमचं बंद करता येईल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : बंद करू नका. क्रोम आणि फायरफॉक्स यांची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते, आणि मध्ये मध्ये येणाऱ्या छोट्या अपडेटमध्ये चोरांना आधीच सापडलेली भोकं बुजवलेली असतात. शिवाय जुनी आवृत्ती जशीच्या तशी चालत राहते हा समजही खरा नाही. १४ मार्च २०२५ रोजी फायरफॉक्समधलं एक मूळ प्रमाणपत्र संपलं, आणि १२८च्या आधीच्या आवृत्त्या वापरणाऱ्यांची एक्स्टेन्शन बंद पडली. सुटले फक्त ‘ईएसआर’च्या ११५.१३ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर असलेले. रूप बदललेलं खपत नसेल तर फायरफॉक्सची ईएसआर आवृत्ती घ्या. तिच्यात सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर येतात, रूपातले बदल मात्र साधारण वर्षातून एकदाच.

प्रश्न : ऑफिसात डिजिटल सिग्नेचरचा टोकन (पेनड्राइव्हसारखं सहीचं उपकरण) लावून फॉर्म भरतो. क्रोम अपडेट झाल्यापासून साइटला टोकन दिसत नाही. टोकनचा ड्रायव्हर दोनदा टाकला.
– सीएच्या कार्यालयातील मदतनीस, लातूर

उत्तर : ड्रायव्हर राहू द्या. सही करणारं सॉफ्टवेअर तुमच्याच संगणकावर चालत असतं आणि साइट ब्राउझरमार्फत त्याच्याशी बोलते. ऑक्टोबर २०२५मधल्या १४२व्या आवृत्तीपासून क्रोम अशा बोलण्याला परवानगी विचारू लागलं आहे. पहिल्यांदा प्रश्न आला तेव्हा घाईत कुणीतरी ‘नको’ दाबलं असावं. साइट उघडी असताना पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबा, साइट सेटिंग्जमध्ये ‘लोकल नेटवर्क’ची किंवा तशाच अर्थाची परवानगी शोधा आणि ती फक्त त्या सरकारी साइटला द्या. अनोळखी साइटने हाच प्रश्न विचारला तर नकारच बरोबर. त्याने भागलं नाही तर सही करणारं सॉफ्टवेअर चालू आहे का ते घड्याळाशेजारच्या चिन्हांत पाहा, आणि त्याची नवी आवृत्ती त्या पोर्टलवरूनच घ्या. जुनी माणसं ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्ये करा’ म्हणतील. तो १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. एखादी साइट अडूनच बसली तर मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये ‘आयई मोड’, म्हणजे एक्सप्लोररसारखं चालण्याची सोय आहे.

प्रश्न : जुन्या मराठी वृत्तपत्रांच्या साइटवरची २००० सालच्या आसपासची पानं वाचायची आहेत. पूर्वी दिसायची, आता नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. ब्राउझरचं अपडेट काढून टाकू का?
– संशोधक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमच्या प्रश्नाने मला मनापासून आनंद झाला, कारण ही पानं वाचणारं कुणी आहे. अपडेट काढून काही होणार नाही. ती पानं युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याच्या आधीची आहेत. तेव्हा प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा होता, आणि इंग्रजी ‘के’च्या जागी कुणी ‘क’ बसवला होता तर कुणी अर्धा ‘ष’. पान उघडताना फॉन्ट आपोआप उतरायचा, पण ती सोय मुख्यतः इंटरनेट एक्सप्लोररपुरती होती. फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचं फार गुणी एक्स्टेन्शन होतं, ते असा मजकूर तिथल्या तिथे युनिकोडमध्ये बदलायचं. नोव्हेंबर २०१७मध्ये फायरफॉक्सच्या ५७व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शन बंद केली, त्यात तेही गेलं. मला त्याची हळहळ आजही वाटते. अपडेट आवश्यकच होतं, पण आपल्या भाषेचं एक काम त्यात अनाथ झालं.

आता करायचं असं. पानावर राइट क्लिक करून सोर्स उघडा आणि त्यात फॉन्टचं नाव शोधा. नाव कळलं की तो फॉन्ट मिळवून संगणकावर बसवा. पुष्कळदा पान लगेच वाचता येतं. उतारा हवा असेल तर त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा. दुसऱ्या फॉन्टचा चालणार नाही. कन्व्हर्टरने रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकते, म्हणून उद्धृत करण्याआधी मूळ पानाशी ताडून पाहा. मूळ पानाची पीडीएफ प्रतही ठेवा, साइट उद्या असेलच असं नाही.

एक वेगळा प्रकार ओळखून ठेवा. पानभर डोक्यावर तिरकी रेघ असलेला परदेशी ‘ए’ पुन्हा पुन्हा येत असेल, तर मजकूर युनिकोडच आहे, ब्राउझरने चुकीच्या पद्धतीने वाचलाय. फायरफॉक्समध्ये ऑल्ट दाबून ‘व्ह्यू’ मेनूतलं ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ दाबा.

प्रश्न : फोनवर बरीच अॅप उघडली की लगेच बंद पडतात. फोन अँड्रॉइड ८चा आहे. फॉरमॅट मारायला सांगताहेत.
– अंगणवाडी सेविका, भंडारा

उत्तर : फॉरमॅट नको, नोंदी भरलेल्या असतील तर त्या जातील. अनेक अॅप आतली पानं दाखवायला ‘वेबव्ह्यू’ वापरतात आणि अँड्रॉइड ७ ते ९मध्ये ते काम क्रोमच करतं. मार्च २०२१मध्ये वेबव्ह्यूच्या एका सदोष अपडेटने असेच अनेकांचे अॅप बंद पडत होते. क्रोम आणि वेबव्ह्यू अपडेट केल्यावर सुरळीत झालं. प्ले स्टोअरमध्ये क्रोमला अपडेट आहे का पाहा. तिथे काही नसेल तर सेटिंग्ज, अॅप्स, क्रोम, तीन ठिपके, ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करा आणि लगेच प्ले स्टोअरमधून पुन्हा अपडेट करा. फोनमध्ये एक-दोन जीबी जागा मोकळी असल्याशिवाय हे करू नका.

तुमच्या फोनला मिळणारं शेवटचं क्रोम १३८वं आहे. १३९पासून अँड्रॉइड १० लागतं. कामाचा फोन कार्यालयाकडून मिळालेला असेल तर हे कारण लिहून फोन बदलून मिळण्याचा अर्ज आत्ताच द्या. ‘फोन खराब आहे’ असं लिहू नका, ‘अँड्रॉइड ८, क्रोमचे सुरक्षा अपडेट बंद’ असं स्पष्ट लिहा आणि सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’च्या पानाचा फोटो जोडा.